सटवाजीची लाल वडी

चूक तातेरावाची होती आणि ती एकाच शब्दाची होती. एवढ्या एका शब्दानं काय बिघडतं, असं त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर तातेरावानंच मान उडवून 'काही नाही' म्हटलं असतं. गडी हिंगोलीच्या शाळेत इंग्रजी शिकलेला, वय वीस-एकवीस, जिनिंग-प्रेसात मुन्शी म्हणून नुकताच लागलेला. आपल्याला इंग्रजी येतं हे गावातल्या कुत्र्यांनासुद्धा कळावं, अशा चालीनं तो चालायचा.

१९४३ चा उन्हाळा होता. कापसाचा हंगाम सरला होता, यंत्रं गार पडली होती. पावसाळ्याच्या आत पाण्याची लोखंडी टाकी, खांब, छपराच्या कैच्या, सगळ्यांवरून रंगाचा हात फिरायला हवा होता, नाहीतर गंज खाऊन टाकणार. त्यासाठी सिकंदराबादेहून दोन लाकडी पिंपं आली. पिंप दिसायला गुडघ्याएवढं, पण हमाल दोन लागले. आत केशरी-लाल भुकटी. ती उकळलेल्या जवसाच्या तेलात कालवायची आणि लोखंडाला लावायची. तेल वाळलं की त्याची अशी चिवट कातडी होते की चार पावसाळे पाणी आत शिरत नाही. पिंपावर एक इंग्रजी कागद डकवलेला होता. मॅनेजर म्हणाले, "मुन्शी, गड्यांना वाचून दाखव."

तातेरावानं आधी कचेरीत जाऊन पुठ्ठा गेलेली आपली डिक्शनरी काढली. रेड लेड. शेंदूर. डिक्शनरीचं काही चुकलं नव्हतं. खाली ठळक अक्षरांत आणखी एक शब्द होता, तो त्याला डिक्शनरीशिवाय येत होता. विष. त्या शब्दाकडे त्यानं थोडा वेळ पाहिलं. मग त्याला गावाबाहेरचा मारुती आठवला, दोन बोटं जाड शेंदूर थापलेला. म्हसोबा आठवला, सटवाई आठवली. हे जर विष असेल तर अर्धा मुलूख कधीच मसणात गेला असता! साहेब लोकांना आपल्या देवांचं काय कळतंय, असं मनाशी म्हणून त्यानं तो शब्द गाळला.

त्याखाली लांबलचक यादी होती. भुकटी उडू देऊ नका. नाकातोंडाला ओलं फडकं बांधा. जुना रंग कोरडा खरवडू नका, भिजवून खरवडा. कुंचला तोंडात धरू नका. कामाचे कपडे घरी नेऊ नका. काम झाल्यावर, जेवणाच्या आधी, साबणानं हात स्वच्छ धुवा. ऊन वर आलं होतं आणि तातेरावाला भूक लागली होती. बाहेर येऊन त्यानं सगळी यादी दोन वाक्यांत बसवली.

"हा शेंदूर आहे. हात धुऊन, जपून वापरायचा."

तिघे गडी उभे होते. दोघांनी उभ्यानंच हात जोडले. तिसऱ्यानं पायातल्या वाहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि मग विचारलं, "मुन्शीजी, हात धुवायचे म्हंजी आदी का मागून?"

प्रश्न सरळ होता. उत्तर कागदावर छापलेलं होतं. तातेराव हसला आणि म्हणाला, "अहो सटवाजीबुवा, देवाचं काम! आधीच धुणार की नाही?"

"बराबर हाय," सटवाजी म्हणाला आणि टाकीवर हात धुवायला गेला.

सटवाजी हिंगोलीपासून दोन कोसांवर, कयाधूच्या काठच्या एका खेड्यातला. त्याच्याआधीची तीन भावंडं जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशीच गेली होती. चौथ्या खेपेला आईनं गावाच्या सटवाईला नवस बोलला: हे पोरगं जगलं तर त्याला तुझं नाव ठेवीन आणि ते जन्मभर दर चैत्रात आपल्या हातानं तुला शेंदूर लावील. पोरगं जगलं. चाळीस वर्षं त्यानं एकही चैत्र चुकवला नव्हता. आईनं 'आपल्या हातानं' असं म्हटलेलं होतं, म्हणून एकदा तापानं फणफणलेला असतानाही तो भिंत धरत धरत देवीपर्यंत गेला होता.

आणि हात तरी कसा! पोळ्याला पाच गावांचे बैल त्याच्या दारात उभे राहायचे. शिंगाच्या बुडापासून टोकापर्यंत तो अशी वेल चढवायचा की बैल मान हलवायलाही लाजावा. अक्षरओळख नव्हती, तरी गाड्यांवर मालकाचं नाव तोच घालायचा. कोणाकडून तरी ते खडूनं जमिनीवर लिहून घ्यायचा आणि बघून रंगानं काढायचा. त्याच्या लेखी अक्षर ही वेलबुट्टीच. तातेरावाची पत्र्याची पेटी त्यानंच रंगवून दिली होती. झाकणावर 'तातेराव' असं नाव घातलं होतं, शेंदरी रंगात. बारीक रेघेसाठी कुंचल्याचं टोक ओठांत धरून पिळायचं ही त्याची सवय होती. तातेरावाचं नाव काढताना त्यानं ते सात वेळा ओठांत धरलं. तातेराव समोर बसून कौतुकानं पाहत होता.

"माझ्या अक्षरापेक्षा तुमचं बरं, सटवाजीबुवा. उद्यापासून हिशेब तुम्हीच लिहा."

"लिवतो की. तुमी टाकीवर चढा मंग."

काम सुरू झालं की सटवाजीचा रोजचा क्रम ठरलेला. आधी हातपाय धुवायचे, चूळ भरायची, पिंपाला हात लावून कपाळाला लावायचा, मग झाकण उघडायचं. भुकटी घमेल्यात ओतताना लाल धूर उठायचा. सटवाजी तो देवाचा अंगारा घ्यावा तसा घ्यायचा. काम संपल्यावर मात्र हात धुणं नाही. "शेंदूर मोरीत सोडायचा व्हय? पाप लागंल." बोटांवर राहिलेला तो कपाळाला, दंडाला पुसायचा, उरलेला धोतराला. आणि तसाच भाकरी सोडायचा. भाकरीवर पाच बोटं केशरी उमटायची.

"आता भाकरीचीच पूजा मांडा," तातेराव चिडवायचा.

"अन्न बी देवच हाय, मुन्शीजी. दोन देव येका जागी, वाईट काय?"

पिंपांबरोबर एक खोकंही आलं होतं. त्यात साबणाच्या लाल वड्या होत्या, दवाखान्यासारख्या वासाच्या. त्या गड्यांना द्यायच्या असं कागदावर होतं. मॅनेजरांनी त्यातल्या बहुतेक बंगल्यावर नेल्या आणि तीन तातेरावाच्या हातात ठेवल्या. दोघांनी आपापल्या घेतल्या. सटवाजीनं वडी हुंगली, परत दिली. "देवाचा शेंदूर साबनानं काढायचा का? पन टाकू नगा. हक्काची हाय. तुमच्या पेटीत ऱ्हाऊ द्या, लागंल तवा मागतो."

तातेरावानं ती पेटीत ठेवली. महिनाभर पेटी उघडली की तो वास यायचा आणि तो वास त्याला भारी साहेबी वाटायचा. तेवढ्यात वसमतला मुलगी बघायला जायचं ठरलं. त्या सकाळी त्यानं सटवाजीची वडी काढली आणि अंगाला खसखसून लावली. मुलीच्या आईनं मध्यस्थाच्या कानाशी लागून विचारलं, "जावईबापूंना खरूज हाय का?" लग्न तरीही जमलं. हळद लागेपर्यंत वडीही संपली. नवी आणून ठेवू, असं त्यानं ठरवलं. लढाईचे दिवस होते, साबण सहज मिळत नव्हता. आणि एका वडीचं काय एवढं?

पहिलं पिंप रिकामं झालं तेव्हा तातेरावानं मोठ्या मनानं ते सटवाजीला देऊन टाकलं. "घ्या, पाणी भरायला होईल." सटवाजीची बायको शालूबाई शहाणी, तिनं ते पाण्याला न वापरता गोठ्यात कोंड्यासाठी ठेवलं. चार दिवस कालवडीनं ते आतून चाटून चाटून लख्ख केलं. मग ती आंधळ्यासारखी भिंतीला धडकायला लागली, दात खायला लागली, जागच्या जागी गोल फिरायला लागली आणि तिसऱ्या दिवशी मेली. लोक म्हणाले, कोणीतरी करणी केली. शालूबाईनं दारावर लिंबू बांधलं. पिंपाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. तातेरावाचंही नाही, आणि त्यानं तर तो कागद वाचलेला होता.

पुढच्या दोन वर्षांत सटवाजीच्या पोटात पीळ पडू लागला. कळ आली की तो टाकीच्या शिडीला गच्च धरून वाकायचा. चार-चार दिवस पोट साफ व्हायचं नाही. तोंड पांढरंफटक पडलं. शालूबाई ओवा द्यायची, हिंग द्यायची. तातेराव म्हणायचा, "सटवाजीबुवा, पोटात टाकी रंगवून ठेवली का काय?" सटवाजी कळ ओसरली की हसायचा. हसला की हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसायची. पण घरात शालूबाईचे दात दातवणानं काळे, शेजारणींचेही काळे; रेघ बघायला वेगळा डोळा लागतो.

१९४६ च्या पोळ्याला ते झालं. दारात बैल उभे होते. सटवाजीनं कुंचला उचलला, शिंगाच्या बुडाशी टेकवला, आणि त्याचा पंजा मनगटातून खाली गळाला. त्यानं पुन्हा उचलायला बघितलं. कोपर वर आलं, पंजा आला नाही. वेलावर वाळलेलं दोडकं लोंबावं तसा तो लोंबत राहिला. बैलवाला म्हणाला, "मुंग्या आल्या असतील." सटवाजीनं डाव्या हातानं उजवा हात उचलला, त्याच्याकडे बघितलं, आणि कोणाला काही न बोलता घरात गेला. त्या पोळ्याला पाच गावांचे बैल बिनरंगाचे फिरले.

तातेराव त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर हैदराबादकडचे, म्हातारे. त्यांनी हात पाहिला, मग वरचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या.

"मिस्सी लगाते?"

"न्हाई, साहेब. दातवन लावनं बायकांचं काम."

"फिर काम क्या करते?"

"शेंदूर लावतो. लोखंडाला."

डॉक्टरांनी ओठ सोडला. शिसं म्हणाले ते. शेंदूर म्हणजे शिशाची भुकटी. श्वासातून जातं, बोटांवरून पोटात जातं आणि जात राहतं. आधी पोट धरतं, मग हात, मग मूत्रपिंडं; हा शेवटचा शब्द तेवढा ते इंग्रजीत म्हणाले. मग त्यांनी तातेरावाकडे वळून विचारलं, "डिब्बे पर कुछ लिखा नहीं था?"

तातेरावानं सटवाजीचा लोंबणारा पंजा आपल्या हातात घेतला.

"आप पढ़ना जानते हैं?"

"जी," तातेराव म्हणाला. इंग्रजी येतं हे सांगायची त्याला जन्मात पहिल्यांदाच लाज वाटली.

औषध फारसं नव्हतं. जुलाबाचं मीठ, दूध आणि शेंदरापासून दूर राहणं. वर्ष-दीड वर्षात हात वर येईल कदाचित, डॉक्टर म्हणाले. प्रेसात सटवाजीच्या जागी दुसरा गडी आला. तातेरावानं त्याला सगळा कागद शब्द न् शब्द वाचून दाखवला, 'विष' तर तीनदा. "मुन्शीला भ्या बसलंय," असं म्हणून गडी हसले, पण तोंडाला फडकं बांधायला लागले.

आठवडाभर तातेराव सटवाजीकडे जायचं टाळत होता. मग एका दुपारी गेला. सटवाजी लिंबाखाली बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला, परक्याचा असावा तसा.

"सटवाजीबुवा, त्या कागदावर विष लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं."

आत शालूबाईच्या जात्याची घरघर थांबली.

"मंग काहून न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, शेंदूर आहे. शेंदूर कसा मारेल?"

"मला बी तसंच वाटलं असतं," सटवाजी म्हणाला. "तुमी सांगितलं असतं तरी म्या ऐकलं नसतं. हसलो असतो तुमाला." मग डाव्या हातानं उजव्याची बोटं सरळ करत म्हणाला, "आता वाचा तो कागद. सगळा. गाळू नगा."

तातेरावाला तो आता पाठच होता. त्यानं सगळा सांगितला. 'काम झाल्यावर साबणानं हात धुवा' इथं सटवाजीनं त्याला थांबवलं.

"म्हंजी मागून."

"मागून."

"माझी वडी हाय ना तुमच्यापाशी?"

"आहे की," तातेराव म्हणाला. "पेटीत आहे."

का म्हणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. विष कबूल करणं जमलं, साबण कबूल करणं जमलं नाही. एवढा मोठा गुन्हा त्या माणसानं दोन वाक्यांत माफ केला होता. त्याच्यापुढं पुन्हा, तुमची वडी मी बायको बघायला जाताना अंगाला लावली, हे सांगायला जीभच उचलेना.

पुढच्या चैत्रात हात वर आला नाही. शालूबाई म्हणाली, "म्या धरते तुमचा हात, लावू." सटवाजी म्हणाला, "धरून लावलेला हात आपला न्हाई." डावा हात देवीला चालत नाही. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सटवाई कोरडी राहिली. सटवाजी दिवसभर देवीकडे पाठ करून बसला, शरमेनं.

हिवाळ्यात मात्र बोटं हलायला लागली. आधी पेला धरता आला, मग मनगट टेकणीशिवाय उभं राहायला लागलं. तातेराव आला की सटवाजी पंजा वर करून दाखवायचा. "बघा. सलाम करायला आला." पण सकाळी त्याचं तोंड सुजलेलं असायचं, आणि पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. तातेरावाला डॉक्टरांचा शेवटचा शब्द आठवायचा, मूत्रपिंडं. यावेळीही एक शब्द त्यानं गाळलाच.

१९४८ चा चैत्र आला. सटवाजीनं शेंदराची पुडी आणून कोनाड्यात ठेवली, तोंडाला बांधायचं फडकं धुऊन दोरीवर टाकलं आणि तातेरावाला निरोप धाडला. तातेराव गेला, तो बाजारात मिळाली ती पांढरी, वासाची वडी घेऊन.

सटवाजीनं ती हुंगली. "ही न्हाई. माझी लाल व्हती. दवाखान्याचा वास यायचा."

"साबण तो साबण, सटवाजीबुवा."

"शेंदूर तो शेंदूर, असं बी तुमी म्हनले व्हते." तो हसत होता, पण वडी त्यानं परत केली. "कंपनीनं मला उभ्या जन्मात येकच वस्त हक्कानं दिली. ती पेटीत हाय म्हनता, मंग काहून दुसरी? माझी आना. येकदाच लावीन, मागून लगीच धुवीन. आता कागदातलं येक बी चुकवनार न्हाई."

"आणतो," तातेराव म्हणाला. लाल वडी नांदेडला मिळते, असं कोणीतरी सांगितलं होतं. पण तो काळ तसा नव्हता. रझाकारांच्या धाकानं बाजार मोडले होते, रस्त्यांवर माणूस दिसत नव्हता. लोक पोरंबाळं घेऊन पैनगंगेपलीकडे, निजामाच्या हद्दीबाहेर निघाले होते. तातेरावाच्या बायकोलाही दिवस गेलेले. वैशाखात तोही घरच्यांना घेऊन उमरखेडला गेला. जाताना सटवाजीच्या गावावरून गेला नाही; हात रिकामा होता.

उमरखेडच्या एका दुकानात ती वडी दिसली. तीच लाल, तोच वास. तातेरावानं ती घेतली आणि फडक्यात बांधून चार महिने जपली.

पोलीस ॲक्शन झाली, भादव्यात लोक परतले. तातेराव घरी सामान टाकून सरळ कयाधूच्या काठी गेला. शालूबाई अंगणात तुरी पाखडत होती. कपाळ मोकळं होतं.

"जेठात गेले," ती म्हणाली. "समदं अंग सुजलं व्हतं. हात मातुर शेवटपर्यंत वर यायचा. रोज इचारायचे, मुन्शी आले का."

तातेराव खाली बसला. "आणि देवीचं?"

"वाट बघत ऱ्हायले. म्या म्हनलं, राखेनं धुवा, राखेनं निघतो की. म्हनले, कागदात साबन लिवलंय. येकदा कागद चुकला, आता चुकवायचा न्हाई." तिनं सूप झटकलं. "तेरावं झाल्यावर म्याच गेले. रांडमुंड बाईनं शेंदराला हात लावू ने, म्हनले लोक. म्या तोंडाला फडकं बांधलं, पानी शिंपडून शेंदूर भिजवला, लावला. राखेनं हात धुतले. देवीचं फिटलं."

तातेरावानं फडकं सोडलं आणि लाल वडी तिच्यापुढं धरली. शालूबाईनं ती घेतली नाही. वाकून नुसता वास घेतला, वेष्टणाची घडी पाहिली, कोरी करकरीत.

"ही नवी हाय, मुन्शीजी. त्येंची न्हाई. त्येंची पाच सालाची जुनी हाय, तुमच्या पेटीत. ते सांगून गेलेत, मुन्शी आनून देतील, ती ठेव, पोळ्याला बैलं धुवायला व्हईल." तिनं वर पाहिलं. "ती आना."

तातेरावाच्या डोळ्यांपुढं पेटी आली. झाकणावर शेंदरी अक्षरांत त्याचं नाव, वेलबुट्टीसारखं, कुठंही न हललेलं. आत वडीचा वाससुद्धा उरला नव्हता.

"आणतो," तातेराव म्हणाला.